बुटातलं चामडं: कुठल्या थराचं, कशानं कमावलेलं

गेल्या पावसाळ्यात माझ्या ऑफिसच्या काळ्या बुटांना पापुद्रे सुटले. बोटं दुमडतात तिथे, बरोबर घडीवर, आधी केसाएवढी भेग पडली, मग नखाएवढी खपली निघाली, आणि महिन्याभरात दोन्ही बुटांच्या तोंडावर करडे चट्टे उमटले. जोडा घेऊन जेमतेम 14 महिने झाले होते. आत तळव्याखाली सोनेरी अक्षरांत ‘जेन्युइन लेदर’ असं छापलेलं होतं. दुकानदारानं फसवलं अशी मनाशी खात्री करूनच मी स्टेशनबाहेर बसणाऱ्या काकांकडे जोडा घेऊन गेलो.

काकांनी रापीच्या टोकानं एक खपली उचलली. फुग्याच्या रबरासारखा पातळ काळा पापुद्रा वर आला. त्याच्या खाली होतं ते करडं, केसाळ, सुटं सुटं. “चामडंच आहे की साहेब,” ते म्हणाले. “खोटं नाही. पण खालचं आहे. वरून लेप चढवलाय.”

‘खालचं’ म्हणजे काय ते कळलं की बुटांच्या दुकानातली निम्मी भाषा कळते. उरलेली निम्मी कळायला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हे कशानं कमावलंय? गाय की म्हैस की बकरी, ब्रँड कुठला, किंमत किती, हे सगळं त्यानंतरचं.

आधी थरांचं बघू. जनावराचं कातडं उभं कापून त्याची कड भिंगाखाली धरली तर ते एकजिनसी दिसत नाही. केसांच्या बाजूला कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे अतिशय बारीक धागे घट्ट विणलेले असतात. खाली जावं तसे धागे जाड होत जातात, आणि अगदी मांसाकडच्या बाजूला वीण सैल पडते. वरची बाजू तलम कापडासारखी, तर खालची गोणपाटासारखी. म्हशीचं किंवा बैलाचं कातडं बुटाच्या वरच्या भागाला फार जाड होतं, तिथे साधारण दीड-दोन मिलिमीटर पुरतात. म्हणून कारखान्यात ते फिरत्या पट्टीच्या सुरीवर आडवं चिरतात. टम्म फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा अलगद सोडवावा, तशी एका कातड्याची दोन-तीन पानं होतात. केसांच्या बाजूचं पान म्हणजे ‘ग्रेन’, आणि त्याखालची सगळी ‘स्प्लिट’. काकांचं ‘खालचं’ ते हे.

वरच्या पानाला फारसं काही न करता, नुसता रंग आणि हलकं फिनिश देऊन वापरलं तर ते ‘फुल ग्रेन’. केसांची बारीक छिद्रं, मानेवरच्या वळ्या, एखादा जुना ओरखडा, सगळं जसंच्या तसं दिसतं. अशा चामड्यावर घड्या पडतात पण पापुद्रे सुटत नाहीत, कारण सुटायला वर वेगळं काही नसतंच. पॉलिश मुरत जातं, रंग खोल होत जातो, आणि पाच-सात वर्षांनी जोडा नव्यापेक्षा देखणा दिसू शकतो. अर्थात त्याची निगा राखली असेल तर.

अडचण अशी की इतकं स्वच्छ कातडं सहसा मिळत नाही. आपल्याकडची जनावरं बाभळीच्या काट्यांतून, तारांच्या कुंपणातून चरतात, अंगावर गोचिडांचे व्रण असतात, कुठे ओळखीसाठी डागलेलं असतं. मग वरचा पृष्ठभाग सॅंडपेपरनं घासून सपाट करतात, त्यावर रंगाचा जाड थर देतात आणि गरम साच्यानं दाबून नकली छिद्रं उमटवतात. याला ‘करेक्टेड ग्रेन’ म्हणतात. एकसारखा चकचकीत, डागविरहित काळा फॉर्मल बूट मध्यम किमतीत मिळत असेल तर बहुधा तो हाच. वाईट नाही. पाणी आणि चिखल तर फुल ग्रेनपेक्षा जास्त सोसतो. पण त्याचं वय वाढतं ते फक्त एका दिशेनं. ‘टॉप ग्रेन’ या शब्दाच्या मागे फार लागू नका. कुणी तो फुल ग्रेनला वापरतो, कुणी करेक्टेडला, आणि विक्रेता त्या क्षणी जे विकायचं असेल त्याला.

आता खालची पानं. ती टाकून देत नाहीत. त्यांच्यावर लव उठवली की ‘स्वेड’ होतं, ज्याला आपल्याकडे सर्रास स्वेड लेदर म्हणतात. हा शब्द फ्रेंचांनी स्वीडनला दिलेल्या नावावरून आला, कारण असले मऊ हातमोजे तिकडचे म्हणून ओळखले जायचे. स्वेडसारखाच दिसणारा पण वेगळा प्रकार म्हणजे ‘नुबक’. त्यात लव वरच्या, केसांच्या बाजूवर काढलेली असते, त्यामुळे ती फार बारीक, मखमली असते आणि चामडंही जास्त टिकाऊ. दोन्हींवर बोट फिरवलं की रेघ उमटते. लांब, रांगडी लव दिसली तर स्वेड, पीचच्या सालीसारखी वाटली तर नुबक. मुंबई-कोकणातल्या जूनमध्ये दोन्ही कपाटातच शोभतात.

आणि तिसरा उपयोग म्हणजे माझा बूट. खालच्या पानावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप चढवायचा, त्यावर वरच्या पानाची नक्षी दाबायची. लांबून ओळखू येत नाही. चामडं खरं, त्यामुळे ‘जेन्युइन लेदर’ लिहिणारा खोटं बोलत नाही. लोकांना वाटतं हे दर्जाचं नाव आहे, पण त्यातून एवढंच कळतं की आत कुठेतरी जनावराचं कातडं आहे. चांगलं चामडं वापरणारा कारागीर सहसा एवढ्यावर थांबत नाही, तो ‘फुल ग्रेन’ किंवा ‘काफ’ (वासराचं चामडं) असं नाव घेऊन सांगतो.

याच्याही खालची पायरी ‘बॉंडेड लेदर’ची. चामड्याचा भुसा आणि कातरण गोंदात कालवून लाटलेला पत्रा. आतल्या तळव्याला किंवा टाचेला ठीक, वरच्या भागाला अजिबात नाही. आणि रेक्झिन, पीयू, ‘व्हीगन लेदर’ यांत कातडं नसतंच. व्हीगन या शब्दानं झाडपाल्याचा वास येतो, पण बाजारातला बहुतेक माल कापडावर प्लास्टिक असाच असतो. रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या कापडाचं नाव. आपण ते इतकं आपलंसं केलं की रिक्षाच्या सीटपासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं रेक्झिनच.

इथपर्यंत थर झाले. आता कमावण्याकडे वळू. मराठीनं या कामाला ‘कमावणं’ हा शब्द दिला, पहिलवान शरीर कमावतो तोच. कच्चं कातडं दोन दिवसांत सडतं, वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं, भिजवलं की पुन्हा सडतं. कमावणं म्हणजे कोलॅजनच्या धाग्यांमध्ये असं काही घुसवायचं, की ते एकमेकांना बांधले जातील आणि जंतूंना ते खाता येणार नाहीत.

कमावायच्या दोन मोठ्या रीती आहेत. जुनी रीत झाडांच्या सालींची. साली, फळं, पानं यांतलं टॅनिन हे काम करतं. ते म्हणजे काय हे समजायला हिरड्याचा एक तुकडा चघळा. तोंड आक्रसतं, जीभ कोरडी पडते, टाळूला काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. तो तुरटपणा म्हणजे टॅनिननं तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना धरल्याची खूण आहे. कातड्याच्या बाबतीत तेच होतं, फक्त कायमचं. आपल्याकडे यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. तामिळनाडूत तरवडाची साल वापरायचे, तीच पिवळ्या फुलांची तरवड जी आपल्या माळरानावर उगवते.

कोल्हापूर भागातली जुनी पद्धत तर बघण्यासारखी आहे. कातडं आधी चुन्याच्या निवळीत मुरवून केस काढायचे. मग ते दुमडून कडा शिवायच्या, म्हणजे त्याची एक मोठी पखालच होते. ती उलटी टांगायची आणि तोंडातून आत बाभळीची साल व हिरड्याचं पाणी ओतायचं. रस कातड्यातून झिरपत थेंब थेंब खाली भांड्यात गळतो, तो पुन्हा वर ओतायचा. काही दिवसांनी पखाल फिरवून दुसऱ्या तोंडानं टांगायची, म्हणजे सगळीकडे सारखा रस पोचतो. या सगळ्याला आठवडे जातात. निघतं ते चामडं तांबूस, घट्ट आणि भरीव असतं. कापलं की कडेला आतपर्यंत एकच रंग दिसतो, आणि वास लाकडासारखा येतो.

दुसरी रीत क्रोमची. 1884 मध्ये ऑगस्टस शुल्झ यांनी अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत जगभरातलं चामड्याचं काम बदललं. मोठ्या लाकडी ढोलात कातडी आणि क्रोमियमचे क्षार घालून फिरवलं की आठवड्यांचं काम साधारण एका दिवसात होतं. बाहेर येतं ते ओलं, फिक्या निळ्या रंगाचं चामडं. धंद्यात त्याला ‘वेट ब्लू’च म्हणतात. ते मऊ असतं, हलकं असतं, हवा तो रंग घेतं आणि उष्णता सोसतं. कारखान्यातली जुनी परीक्षा सोपी आहे: तुकडा उकळत्या पाण्यात टाकायचा. क्रोमचा नीट कमावलेला तुकडा जसाच्या तसा राहतो, सालीवर कमावलेला आक्रसून गोळा होतो.

म्हणून आज बहुतेक बुटांचा वरचा भाग क्रोमचा असतो. पण सालीवर कमावलेलं चामडं गेलेलं नाही, कारण त्याच्याकडे क्रोमकडे नसलेली एक गोष्ट आहे. ते आकार धरतं. घाम आणि उष्णतेनं ते पायाच्या तळव्यानुसार दबतं आणि तसंच राहतं. चामडी तळ, आतला तळवा, टाचेचे थर यांना तेच लागतं. चांगल्या जोड्यात दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात, वर क्रोम आणि खाली साल.

क्रोमचं दुसरं अंगही सांगायला हवं. चामड्यातलं क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे सौम्य रूपातलं असतं, ते पायाला सहसा काही करत नाही. काम नीट झालं नाही तर त्यातलं काही षट्‌संयुजी, म्हणजे जहाल रूपातलं, होऊ शकतं, आणि ते त्वचेला त्रासदायक. म्हणूनच युरोपात 2015 पासून त्याला किलोमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मोठा प्रश्न सांडपाण्याचा. तामिळनाडूत वेल्लोरकडच्या टॅनरींनी, म्हणजे चामडं कमावणाऱ्या कारखान्यांनी, पालार नदीचं जे केलं, त्यावर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, आणि ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व आपल्याकडे पक्कं करण्यात त्या निकालाचा मोठा वाटा आहे. सालीची रीत त्या मानानं सौम्य, पण चुना आणि केसांचं पाणी तिथेही निघतंच. सालीवरचं चामडं ‘नैसर्गिक’ म्हणून विकणारे हे सांगत नाहीत.

कोल्हापुरीचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो. अस्सल कोल्हापुरी हे पूर्णपणे सालीवर कमावलेल्या चामड्याचं पायताण. तळाला म्हशीचं किंवा बैलाचं जाड चामडं, वेणीला बकरीचं पातळ. टाके चामड्याच्याच वादीचे, खिळा नाही. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, असे आठ जिल्हे. पायताण सीमावादात पडत नाही ही त्यातली गंमत. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आरडाओरडा झाला आणि मग त्यांनी मूळ कुठलं ते मान्य केलं. त्या गदारोळात चपलेच्या वेणीवर, गोंड्यावर पुष्कळ बोललं गेलं. चामडं कमावणाऱ्या ढोर समाजावर, ज्यांचं रसायनशास्त्र त्या तळात आहे आणि ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्यावर फारच कमी.

कच्च्या मालाचंही बदललंय. 2015 च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीवर ती आधीपासून होतीच. त्यामुळे तळाला आता मुख्य आधार म्हशीचा.

जनावरांचं एवढं बोलतोय तर थोडक्यात सांगून टाकतो. वासराचं चामडं, म्हणजे ‘काफ’, सगळ्यांत तलम. छिद्रं इतकी बारीक की काचेसारखी चमक येते, म्हणून महागडे फॉर्मल बूट त्याचेच. म्हशीचं जाड आणि मजबूत, पण त्याचा पोत खडबडीत. बकरीचं पातळ असूनही चिवट, बायकांच्या चपला आणि मऊ बुटांना उत्तम. मेंढीचं लोण्यासारखं मऊ, पण त्याचे थर एकमेकांपासून सुटतात, म्हणून ते अस्तरालाच बरं. डुकराच्या कातड्यावर छिद्रं तीन-तीनच्या पुंजक्यात दिसतात, बुटाच्या अस्तरात तसे त्रिकोणी ठिपके दिसले तर ओळखा. कांगारूचं जाडीच्या मानानं विलक्षण मजबूत, कारण त्याचे धागे पृष्ठभागाला समांतर धावतात, म्हणून फुटबॉलच्या बुटांना ते वापरत आले. आणि ज्याच्यासाठी शौकीन लोक वेडे होतात ते ‘कॉर्डोव्हन’. घोड्याच्या पुठ्ठ्यातल्या एका दाट पडद्यापासून ते बनतं. एका घोड्यामागे जेमतेम दोन अंडाकृती तुकडे मिळतात. शिकागोची हॉर्वीन ही 1905 पासूनची टॅनरी त्यावर सुमारे सहा महिने काम करते. त्यावर सुरकुत्या पडत नाहीत, लाटा उमटतात. मी हातात घेऊन पाहिलंय, विकत घ्यायची माझी ऐपत नाही.

एकाच कातड्यातही सगळी जागा सारखी नसते, हे काकांनीच शिकवलं. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट, पोटाचा ढिला. त्यांनी एक तुकडा दोन्ही हातांनी ताणून दाखवला, एका बाजूनं तो जागचा हलेना, दुसऱ्या बाजूनं बोटभर वाढला. पोटाकडचा तुकडा बुटाच्या तोंडाला लावला तर जोडा सहा महिन्यांत पसरतो. चांगला कापणारा कारागीर म्हणून तोंड पाठीतून काढतो, आणि जीभ, आतले तुकडे पोटातून. दोन बूट एकाच ब्रँडचे, एकाच किमतीचे, आणि एकाचं तोंड वर्षात ढिलं पडलं असेल तर कारण बऱ्याचदा हे असतं.

दुकानात उभं राहून हे सगळं कसं ओळखायचं? नख मारून, वास घेऊन थोडंफार कळतं, पण हल्ली पीयूलाही चामड्याचा वास देतात. त्यापेक्षा शिलाई संपते तिथली किंवा पाय आत घालतो तिथली कापलेली कड शोधा. कड केसाळ, एकसंध असेल तर चामडं. कापडाची जाळी दिसली तर रेक्झिनचा भाऊबंद. कडेला वर प्लास्टिकची वेगळी चकचकीत रेघ दिसली तर माझ्यासारखा लेपाचा माल. मग बुटाच्या तोंडावर अंगठा दाबा. चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्यांचं जाळं पसरतं, लेपावर नुसता खड्डा पडतो.

सगळ्यांत सोपी खूण आपण कधी वाचतच नाही. तळाला किंवा डब्यावर एक छोटं स्टिकर असतं, त्यावर तीन चित्रं: बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि तळ. प्रत्येकापुढे आणखी एक चिन्ह. ही युरोपातली 1994 ची पद्धत, निर्यातीच्या मालामुळे आपल्याकडेही दिसते. पसरलेल्या कातड्याचा आकार असेल तर चामडं. त्याच आकाराच्या पोटात चौकट (पत्त्यांतली, शंकरपाळ्याच्या आकाराची) असेल तर लेपाचं चामडं. नुसती चौकट असेल तर प्लास्टिक किंवा दुसरं काही. विणलेली जाळी असेल तर कापड. नियम भागातल्या किमान 80 टक्के पृष्ठभागाला लागू असतो, त्यामुळे बाजूला एखादी रेक्झिनची पट्टी असली तरी चिन्ह कातड्याचंच राहतं. घरी येऊन मी माझ्या जोड्याचा डबा माळ्यावरून काढला. कातड्याच्या पोटात चौकट होती. पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. चामडं भिजून मरत नाही, घाईनं वाळवल्यानं मरतं. हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवलं की आतलं तेल जातं आणि ते तडकतं. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीनदा बदला, पंख्याखाली राहू द्या. पूर्ण वाळलं की क्रीम लावा. कोल्हापुरीला मात्र भिजवूच नका, तिचा सालीचा रंग पायाला आणि फरशीला लागतो आणि तळ फुगतो. बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं बाहेर अंगणात पुसा, घरात नको, नाहीतर ती कपाटभर पसरेल. पीयूचा प्रश्न वेगळा. तो दमट हवेतल्या पाण्यानंच आतून मोडतो, मग जोडा घातला काय आणि डब्यात ठेवला काय. लग्नात एकदाच घातलेला बूट चार वर्षांनी काढला आणि तळ हातात चुरा होऊन आला, हे बऱ्याच घरांत झालेलं असतं.

काकांना मी विचारलं, याला काही करता येईल का? “पॉलिश बसणार नाही,” ते म्हणाले, “लेपाला पॉलिश कसं बसणार? लेप सगळा काढून टाकला तर स्वेडसारखं दिसेल, पण ऑफिसला नेऊ नका.” पैसे घेतले नाहीत. तो जोडा आता गॅलरीत असतो, झाडांना पाणी घालताना पायात सरकवतो. रोज एखादा काळा पापुद्रा कुंडीत गळतो. खालचं चामडं अजून शाबूत आहे.